पाहून झाल्यानंतर

दिवेलागणीला कोणत्याही गावातून एक फेरी मारली तर आज काय दिसते? माजघरात दूरचित्रवाणीचा संच चालू असतो, त्यावर एखादी मालिका चाललेली असते, आणि घरातील बाई भाकरी थापता थापता एक डोळा तिकडे ठेवून असते. तरणा मुलगा ओट्यावर मोबाइल पाहत एकटाच हसत असतो. धाकटी पोर आईचा मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसलेली असते. आजोबांच्या हातातही आता मोबाइल आलेला आहे. नातवाने लावून दिलेले कीर्तन ते ऐकत असतात, आणि कीर्तन संपले की त्याच्या पाठोपाठ आपोआप जे काही येईल तेही पाहतात. घरात माणसे चार आणि पडदेही चार, अशी आजची स्थिती आहे.

हे चांगले की वाईट, असा वाद आपल्याकडे नेहमी होतो. शिक्षकांच्या बैठकीत होतो, पारावर होतो, आणि आमच्या महाविद्यालयात तर दर गॅदरिंगला वादविवाद-स्पर्धेचा विषय म्हणून होतो. मला तो वाद फारसा उपयोगाचा वाटत नाही. विहिरीचे पाणी चांगले की वाईट, असे कोणी विचारले तर आपण काय सांगू? पाणी गाळून घेतले का, हंडा घासलेला आहे का, पिणारा लहान आहे की मोठा, हे आधी विचारू. पडद्याचेही तसेच आहे. म्हणून आज मी एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे. पडद्यावरचे पाहून झाल्यानंतर आपण काय करतो? त्याविषयी कोणाशी बोलतो का?

प्रश्न साधा वाटेल. पण या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याच महाराष्ट्रात एक मोठा प्रयोग झालेला आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

१९५६ साली पुण्याच्या आकाशवाणी केंद्राने युनेस्को या जागतिक संस्थेच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी एक उपक्रम हाती घेतला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतून दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात वीस-एक माणसांचे एक श्रोतामंडळ केले. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रमाच्या वेळी मंडळी रेडिओभोवती जमायची. पण खरी गंमत पुढे आहे, बरं का. कार्यक्रम संपला की कोणी उठून जायचे नाही. ऐकलेल्या गोष्टीवर तिथेच चर्चा करायची. पटले ते का पटले, नाही पटले ते का नाही, आपल्या गावात यातले काय जमेल, हे सगळे बोलायचे. मंडळाचा निमंत्रक त्याची टिपणे करून केंद्राकडे पाठवायचा. शंका असतील त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळायची. ऐका, चर्चा करा आणि करून पाहा, अशी त्या उपक्रमाची तीन पायऱ्यांची रीत होती.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे, अशी तुलना केली. प्रयोगापूर्वी आणि प्रयोगानंतर लोकांना त्याच त्या विषयांवर प्रश्न विचारले. काय आढळले? मंडळांच्या गावांत लोकांची माहिती नजरेत भरण्याइतकी वाढली होती. मंडळे नसलेल्या गावांत, रेडिओ असूनसुद्धा, वाढ नगण्य होती. म्हणजे ज्ञान नुसत्या आवाजाबरोबर घरात आले नव्हते. शेजाऱ्याने शेजाऱ्याला विचारले, एकाने दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढले, तिसऱ्याने आपल्या शेतातला अनुभव सांगितला, तेव्हा ते पक्के झाले. सत्तर वर्षांपूर्वीचा हा निष्कर्ष आहे, आणि आज मोबाइलच्या काळात तो अधिकच ध्यानात घेण्यासारखा झाला आहे, असे मला वाटते.

आता रेडिओकडून पडद्याकडे येऊ. आपल्या देशात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. तेव्हा संच घरोघरी नव्हतेच. दिल्लीच्या वस्त्यांमधून पाहणाऱ्यांची मंडळे केली होती, आणि तिथेही पाहणे झाल्यावर बोलणे होते. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर एक फार मोठा प्रयोग झाला. अमेरिकेचा एक उपग्रह त्या काळापुरता मिळवून त्याच्यामार्फत सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण शेजारची कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि मध्य प्रदेश ही राज्ये होती. सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम असत. शाळेत किंवा पंचायतीच्या जागेत एक संच ठेवलेला आणि त्याच्यापुढे सारे गाव बसलेले, असा तो देखावा होता.

पुढे आपल्याकडेही संच आले तेव्हाची आठवण पन्नाशी-साठीच्या मंडळींना असेल. गल्लीत एकाच घरी संच. त्या घरची बाई संध्याकाळी सतरंजी घालून ठेवायची. ‘आमची माती आमची माणसं’ लागले की शेतकरी बसत. चिमणराव आणि गुंड्याभाऊ आले की लहानथोर एकत्र हसत. १९८७ साली ‘रामायण’ सुरू झाले आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. त्या एकत्र बसण्यात गैरसोय पुष्कळ होती. पुढच्याचे डोके मध्ये येई, आणि वीज गेली की सगळ्यांचाच हिरमोड होई. पण तिथे पाहणाऱ्याला बोलणारा शेजारी आपसूक मिळत होता. ‘ही सून खरं सांगत नाही हो,’ असे एकीने म्हणावे, आणि ‘तिच्या जागी तू असतीस तर?’ असे दुसरीने विचारावे. श्रोतेहो, याला आपण गप्पा म्हणतो. १९५६ सालच्या प्रयोगात यालाच चर्चा म्हटले होते.

मालिकांचाच विषय निघाला आहे तर ‘हम लोग’ या मालिकेविषयी थोडे सांगतो. ७ जुलै १९८४ रोजी ती दूरदर्शनवर सुरू झाली. आपल्या देशात रोजच्या जगण्यावर लांबलेल्या मालिकांची जी परंपरा पुढे चालली, तिचा आरंभ बहुतेक अभ्यासक तिथूनच मानतात. लेखक होते मनोहर श्याम जोशी. मध्यमवर्गातल्या एका ओढाताणीच्या संसाराची ती कथा. लहान कुटुंब, स्त्रीचा मान, दारूचे दुष्परिणाम अशा गोष्टी कथेतून लोकांच्या मनात उतराव्यात, हा तिच्यामागचा हेतू होता. प्रत्येक भागाच्या शेवटी ज्येष्ठ नट अशोक कुमार पडद्यावर येत आणि झालेल्या भागाविषयी दोन शब्द बोलत. घरातल्या वडीलधाऱ्याने जेवणानंतर बोलावे तसे ते असे. लोकांनी दूरदर्शनकडे सुमारे चार लाख पत्रे पाठवली. पाहणाऱ्याला बोलावेसे वाटते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

याच मालिकेतली दुसरी एक गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. कथेत भागवंती नावाची आई आहे. ती सोसते, गप्प राहते, नवऱ्याचे आणि सासूचे बोल ऐकून घेते. असे निमूट सोसणे बरे नव्हे, हे तिच्या पात्रातून दाखवायचे होते. अभ्यासकांनी पुढे प्रेक्षकांना विचारले तेव्हा दिसून आले की, पुष्कळांना भागवंतीच आदर्श वाटली होती! घरच्या बाईने असेच असावे, असा धडा त्यांनी घेतला होता. पाहा बरं, दाखवणाऱ्याच्या मनात एक आणि पाहणाऱ्याच्या मनात दुसरेच. शेवटी अशोक कुमारांसारखा माणूस समजावून सांगत असतानासुद्धा हे झाले. कारण सांगणारा एकटाच बोलत होता. ऐकणाऱ्याला काय वाटले, हे त्याच क्षणी त्याच्यापाशी बसून कोणी विचारत नव्हते.

आज मालिकांच्या शेवटी असे बोलायला कोणी येत नाही. भाग संपतो तो एखाद्या दाराच्या आवाजावर किंवा कोणाच्या तरी वटारलेल्या डोळ्यांवर, आणि ‘उद्या काय होणार?’ हा प्रश्न ठेवून जातो. यात निर्मात्याचा खोडसाळपणा शोधायला नको. त्या धंद्याची रचनाच तशी आहे. वाहिनीला पैसे मिळतात ते प्रामुख्याने जाहिरातींतून. जाहिरातीचा दर ठरतो तो किती लोकांनी पाहिले यावर. आणि किती लोकांनी पाहिले हे मोजण्यासाठी देशातील निवडक घरांत यंत्रे बसवलेली असतात. अर्ध्या तासाच्या भागात कथा असते ती वीस-बावीस मिनिटांची. बाकीचा वेळ साबण, तेल, चहा आणि मोटारी यांचा असतो. तेव्हा प्रेक्षक उद्या पुन्हा आला पाहिजे, ही मालिकेची गरज असते. एकाच भांडणाला तीन महिने का लागतात, याचे उत्तर त्या गरजेत आहे.

२०१५ सालापासून या मोजणीत खेड्यातली घरेही घेऊ लागले. त्याच सुमारास मराठी मालिकांत मातीचा रंग अधिक दिसू लागला. २०१६ साली सुरू झालेल्या ‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकेत कोल्हापूरकडचा पैलवान नायक होता, आणि नायिका शाळेत शिकवणारी बाई होती. पाठोपाठ २०१७ साली ‘लागिरं झालं जी’ आली. तिच्यात साताऱ्याकडचा, फौजेत जाण्याचे स्वप्न पाहणारा तरुण होता. त्यापूर्वी आपल्या पडद्यावर गावाकडची बोली बहुधा गड्याच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी असे. आता ती नायकाच्या तोंडी आली. हा बदल चांगलाच झाला. मात्र त्याचे एक कारण असेही होते की, खेड्यातला प्रेक्षक आता मोजला जात होता. ज्याची मोजदाद होते त्याची दखल घेतली जाते, हा बाजाराचा जुनाच नियम आहे.

आता मोबाइलकडे वळू. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट एकदम स्वस्त झाले, आणि एक नवल घडले. आजवर खेडे पडदा पाहत होते, ते आता पडद्यावर जाऊ लागले. सातारा भागातल्या काही तरुणांनी ‘गावाकडच्या गोष्टी’ नावाची मालिका स्वतःच तयार करून यूट्यूबवर दाखवायला सुरुवात केली. शेत, पार, ओढा हेच त्यांचे नेपथ्य, आणि गावातलीच माणसे नट. बारामतीकडच्या मंडळींची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ अशीच गाजली. तिच्यातल्या फजितीच्या प्रसंगांना जुन्या वगातल्या बतावणीची चव आहे, आणि हसवता हसवता गावाच्या चुकांवर बोट ठेवण्याची तीच रीतही आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार इथल्या सुमनताई धामणे यांची गोष्ट तर अनेकांनी ऐकली असेल. २०२० साली, वयाच्या सत्तरीच्या घरात, शाळेची पायरी न चढलेल्या या आजी नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ या नावाने स्वयंपाक दाखवू लागल्या, आणि लाखो लोक त्यांच्याकडून कारल्याची भाजी शिकले. चुलीपुढे बसून ‘बाळांनो’ म्हणत सांगणारी ती आजी पाहून परदेशातल्या मराठी मुलींनाही माहेर आठवले असेल.

यात मला आनंदाची गोष्ट ही दिसते की, कोणाच्या शिफारशीवाचून, शहरात न जाता, गावातला माणूस आपले म्हणणे हजारोंपुढे मांडू शकतो. म्हणून मुलांनी चित्रफिती काढल्या की लगेच ‘वाया गेली पोरं’ म्हणू नये. एखादी चांगली फीत काढायला लिहावे लागते, प्रकाश पाहावा लागतो, आवाज स्वच्छ घ्यावा लागतो, नको ते कापून टाकावे लागते. हे कष्टाचे काम आहे.

पण इथेही धंद्याची रचना समजून घेऊ या, म्हणजे आपली फसगत होणार नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळवण्यासाठी निदान एक हजार सभासद आणि वर्षभरात लोकांनी पाहिलेले चार हजार तास, अशी साधारण अट असते. लांब चित्रफितींवरच्या जाहिरातींचे शंभर रुपये आले तर त्यातले पंचावन्न करणाऱ्याला मिळतात, बाकीचे कंपनीला. तेव्हा तुमचे थांबणे, हेच तिथले चलन आहे. तुम्ही कोणत्या चित्रावर किती वेळ थांबलात याची नोंद यंत्र ठेवते, आणि ज्यावर थांबलात तसलेच आणखी तुमच्यापुढे आणते. रागावर थांबलात तर राग येतो, भीतीवर थांबलात तर भीती येते. आपल्या आजोबांच्या कीर्तनापाठोपाठ काय यायचे, हे असे ठरत असते. आणि पाहणारा एकटा असतो. सतरंजीवरची शेजारीण तिथे नाही, मंडळाचा निमंत्रक नाही, अशोक कुमारही नाहीत.

एकट्याने पाहिले तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. श्रोतेहो, काय बिघडू शकते ते आपल्या राज्याने पाहिलेले आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसे भिक्षा मागत तिथे आली होती. त्यांतली बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढे तालुक्यातली होती. पिढ्यान् पिढ्या असेच गावोगाव हिंडणारे हे लोक. त्या दिवसांत मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाइलवरून जिकडेतिकडे पसरली होती. बाजारात कोणाला तरी संशय आला. जमाव जमला. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले, आणि तिथे त्यांना मरेपर्यंत मारले. त्यांनी कोणाचेही मूल पळवलेले नव्हते.

त्या काळात देशभर याच अफवेबरोबर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढेच तिच्यात दिसे. ती फीत मुळात आपल्या देशातली नव्हतीच. पाकिस्तानात कराची शहरी, मुलांना सांभाळा हे सांगण्यासाठी, एका संस्थेने ती मुद्दाम तयार केलेली होती. मूळ फितीत तीच माणसे पुढे त्या मुलाला परत आणून सोडतात, आणि मूल पळवायला एक क्षण पुरतो असे सांगणारा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. शेवट कापताच सावध करणारी फीत भडकवणारी झाली. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं, असे आपण सहज म्हणून जातो. पण नुसत्या अफवांपायी त्या वर्षी या देशात अनेकांना प्राणाला मुकावे लागले. अशी फीत हातात आल्यावर तिथेच कोणी एकाने जरी विचारले असते की, ‘ही कुठली रे? हिच्यापुढे काय झालं?’ तर कदाचित काही हात थांबले असते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, पाहणे हे काम पाहिल्यावर संपत नाही. जे पाहिले ते दुसऱ्या माणसाच्या कानावर घातले, त्याने शंका काढली, आपण उत्तर शोधले, तेव्हा ते पाहणे पुरे झाले. जेवल्यानंतर आचवायचे असते, तसेच हे आहे.

हे कसे करावे? शिक्षक बंधुभगिनींसाठी एक साधी रीत सुचवतो. वर्गात आठवड्यातून एक दिवस, परिपाठाला जोडून, दहा मिनिटे काढावीत. एका मुलाने किंवा मुलीने आदल्या आठवड्यात पाहिलेली एक गोष्ट सांगायची. मालिकेचा भाग असो, पाककृती असो, कुस्ती असो. मग वर्गाने चारच प्रश्न विचारायचे. हे कोणी तयार केले? कशासाठी केले? यात काय दाखवलेले नाही? आणि हे पाहून मी काय करावे असे त्यांना वाटते? उत्तरे चुकली तरी चालतील. मुलांना विचारण्याची सवय लागली म्हणजे झाले.

उदाहरण घेऊ. एका मुलीने सांगितले, ‘बाई, मालिकेत सुनेनं सासूचं सगळं ऐकलं आणि शेवटी सासू चांगली झाली.’ पहिले दोन प्रश्न लवकर संपतील. तिसऱ्याला वर्ग खुलेल. या घरात स्वयंपाक कोण करतं ते दिसतं का? कोणी शेतावर, कामावर जाताना दिसतं का? पैसा कुठून येतो? घरात आजारी कोणीच कसं नाही? आणि चौथा प्रश्न आला की भागवंतीचा विषय पुन्हा निघेल. त्यावर मुली काय म्हणतात ते शिक्षकांनी शांतपणे ऐकावे. मोठ्या वर्गात आणखी एक खेळ करता येईल. मुलांकडूनच मोबाइलवर दोन मिनिटांची एक घटना चित्रित करून घ्यावी. समजा, एक मुलगा दुसऱ्याच्या पिशवीतून वही काढतो आणि तिच्यात त्याचा राहिलेला अभ्यास उतरवून परत ठेवतो. मग त्यातला फक्त पहिला भाग दाखवून विचारावे, ‘हा कोण?’ सगळा वर्ग म्हणेल, ‘चोर!’ नंतर पुरते दाखवावे. कापलेला शेवट काय करतो, हे समजावयास मग व्याख्यानाची गरज राहणार नाही.

गावकऱ्यांसाठीही एक उदाहरण आहे. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. साथीच्या काळात शाळा बंद पडल्या, मुलांच्या हाती मोबाइल आले, आणि शाळा उघडल्या तरी ते सुटेनात. तेव्हा गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये ठराव केला. संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल दीड तास बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. सुरुवातीला शिक्षक आणि गावातली मंडळी गल्लोगल्ली फिरून आठवण करून देत. त्या भोंग्याची बातमी दूरवर पोहोचली, आणि इतर गावांतही तसे प्रयत्न झाले.

मला या गावाचे कौतुक वाटते ते बंदीपेक्षा वेगळ्या कारणाने. बंदी घरात बापही घालू शकतो. पण बाप वळला की पोर पुन्हा मोबाइल काढते. इथे सगळ्या गावाने मिळून ठरवले, आणि नियम मोठ्यांनी स्वतःलाही लावून घेतला. माझी सूचना एवढीच आहे की, अशा मोकळ्या केलेल्या वेळातली आठवड्यातील एक संध्याकाळ आपण पाहिलेल्याविषयी बोलण्यासाठी ठेवावी. शाळेच्या व्हरांड्यात बसावे. शेतीची एखादी चांगली चित्रफीत कोणी पाहिली असेल, त्याने सांगावे. ते खत आपल्या जमिनीला चालेल का, सांगणारा कृषी विद्यापीठाचा आहे की खत विकणाराच आहे, हे चारचौघांत बोलावे. कोणाच्या मोबाइलवर काळीज हलवणारी एखादी फीत आली असेल, तर ती पुढे धाडण्यापूर्वी इथे दाखवावी. गावात कोणी हौशी पोरे चित्रफिती काढत असतील, तर त्यांना त्या संध्याकाळी बोलवावे, त्यांचे काम सगळ्यांनी मिळून पाहावे, आणि तोंडावर सांगावे की हे जमले, हे फसले. अनोळखी लाखांनी दिलेल्या अंगठ्यापेक्षा गावातल्या दहा जाणत्यांचा शब्द त्यांच्या अधिक कामाचा आहे.

कोणी म्हणेल, वेळ कुणाला आहे? शिक्षक म्हणतील, आमच्या डोक्यावर आधीच कामांचे ओझे आहे. ते खरेच आहे. म्हणून तर मी दहा मिनिटे मागितली, तास मागितला नाही. आणि ज्या घरी तेही शक्य नसेल तिथे याहूनही सोपे करता येईल. रात्री जेवताना आईने मुलाला विचारावे, ‘आज काय पाहिलंस रे? मला सांग.’ रागावण्यासाठी विचारू नये, ऐकण्यासाठी विचारावे. पहिल्या दिवशी तो ‘काही नाही’ म्हणेल. आठव्या दिवशी आपण होऊन सांगू लागेल. जे आईला सांगण्यासारखे नाही ते त्याचे त्यालाच कळू लागेल, आणि पोराला एखाद्या गोष्टीची भीती बसली असेल तर ती मनात कुढत राहणार नाही.

ऐकावे जनाचे आणि करावे मनाचे, असे आपली जुनी माणसे सांगत आली आहेत. त्यातला पहिला अर्धा भाग मोबाइलने फारच सोपा करून ठेवला आहे. साऱ्या जगाचे जन खिशात येऊन बसले आहेत. उरलेल्या अर्ध्यासाठी मन तयार करावे लागते, आणि मन तयार होते ते माणसांशी बोलून. १९५६ साली दीडशे गावांनी रेडिओभोवती बसून ते करून दाखवले. तेव्हा गावात संच एक होता, आज घरात चार पडदे आहेत; पण बसायला पार तोच आहे.

हे भाषण शाळेत किंवा पारावर मिळून ऐकत असाल, तर आता लगेच उठू नका. मी सांगितले त्यातले काय पटले आणि काय नाही, यावर पाच मिनिटे आपसांत बोला, आणि न पटलेले केंद्राला पत्राने जरूर कळवा.